कॅराव्हॅनवर ई-बाइकची रॅक बसवून घेताय? आधी भिंतीच्या आत काय आहे ते बघा

कॅराव्हॅनला, म्हणजे गाडीमागे जोडून ओढायच्या चाकांवरच्या घराला, ई-बाइकची रॅक लावून देणाऱ्या एका दुकानाने आम्हाला फसवलं. पैशांचं दुःख आहेच, पण चालू रस्त्यावर दोन जड ई-बाइक मागून येणाऱ्याच्या अंगावर पडायची वेळ आली होती, ते आठवलं की अजून पोटात गोळा येतो. दुकानाचं नाव देत नाही, तक्रार अजून पूर्ण निकाली निघालेली नाही. शिवाय नावापेक्षा त्यांची पद्धत कळणं जास्त गरजेचं आहे. उद्या दुसरं कुणी हाच माल दुसऱ्या पाटीखाली विकेल.

माझ्या नवऱ्याचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि साध्या सायकली बाजूला पडल्या. ई-बाइक घेतल्या तेव्हा पहिला प्रश्न वजनाचाच होता. साधी सायकल १२ ते १५ किलोची. ई-बाइकला मोटर, बॅटरी आणि ते सगळं पेलणारी जाड फ्रेम. त्यामुळे ती सहज २२ ते २८ किलोपर्यंत जाते. आमच्या दोन्ही मिळून ५२ किलो भरल्या, बॅटऱ्या काढल्या तर सुमारे ४६. ही वजनं, कॅराव्हॅनचं मॉडेल आणि तिचं वर्ष आम्ही दुकानाला ईमेलने कळवलं आणि स्पष्ट विचारलं की मागची भिंत एवढं वजन घेईल का. उत्तर आलं की ही रॅक खास ई-बाइकसाठी आहे, क्षमता ६० किलो, भिंत मजबूत करायचं किट आम्ही आतून बसवून देतो, निर्धास्त राहा. ते ईमेल मी जपून ठेवले, आणि पुढे त्यांचाच सगळ्यात जास्त उपयोग झाला.

दुकानात गेल्यावर विक्रेत्याने दुसऱ्या एका कॅराव्हॅनवर बसवलेली तशीच रॅक दाखवली आणि तिला धरून चक्क लोंबकळला. “मी ८० किलोचा आहे, बघा, हलतेय का?” नाही हलली. बघणाऱ्याची तिथेच खात्री पटते. पण उभ्या कॅराव्हॅनवर क्षणभर लोंबकळणारा माणूस आणि चालत्या कॅराव्हॅनवर तासन्‌तास हिंदकळणाऱ्या बाइक यांचा काही मेळ नाही. चाक खड्ड्यात आपटतं तेव्हा त्या एका क्षणी रॅकवर बाइकच्या वजनाच्या दुप्पट, कधी त्याहूनही जास्त जोर येतो, आणि असे धक्के एका प्रवासात हजारोंनी बसतात. त्यातून बाइक भिंतीला चिकटून नसतात, वीतभर किंवा हातभर बाहेर असतात. त्यामुळे रॅकचे खालचे पाय भिंत आत दाबतात आणि वरचे बोल्ट बाहेर खेचले जातात. लोंबकळण्याचं प्रात्यक्षिक कुणी दाखवलं तर ते बघूच नका, भिंतीचं विचारा.

कॅराव्हॅनची भिंत म्हणजे नेमकं काय, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं आणि फसवणूक नेमकी तिथे होते. बाहेर ॲल्युमिनियमचा किंवा फायबरग्लासचा पातळ पत्रा, मध्ये दोन-तीन सेंटीमीटर फोम आणि आत जेमतेम ३ मिलिमीटरचं प्लायवूड. झालं, एवढीच भिंत. वजन हलकं राहावं, थंडी-उन्हाचा त्रास कमी व्हावा म्हणून ती तशी बनवलेली असते आणि त्या कामाला उत्तमच आहे. पण तिच्यात कुठेही भोक पाडून बोल्ट मारला तर त्याला धरायला काही नसतं. काही कंपन्या कॅराव्हॅन बनवतानाच रॅकसाठी ठरलेल्या जागी आत लाकडी पट्ट्या किंवा ॲल्युमिनियमच्या पट्ट्या घालतात आणि त्या कुठे आहेत, किती वजन घेतील, हे माहितीपुस्तिकेत लिहितात. जिथे तशी सोय नाही तिथे आतल्या बाजूने रुंद धातूची पट्टी लावून, भिंतीच्या आरपार बोल्ट घेऊन जोर पसरवावा लागतो. आणि काही मॉडेलच्या मागच्या भिंतीवर रॅक लावायला कंपनीचीच साफ मनाई असते.

आमचं मॉडेल या शेवटच्या प्रकारातलं निघालं. दुकानाला ते माहीत होतं की नाही, हे मी सिद्ध करू शकत नाही. पण भिंत तपासल्याचं त्यांनी ईमेलमध्ये लिहिलं होतं. बिलावर ‘भिंत मजबुतीकरण किट’ अशी वेगळी ओळ होती, तिचे वेगळे पैसे लावले होते. रॅकवर ६० किलोचं चकचकीत लेबल होतं आणि सोबत चाचणीचं प्रमाणपत्रही दिलं होतं.

पहिल्या मोठ्या प्रवासातच कॅराव्हॅनची चाल बदललेली जाणवली. एरवी रुळावर असल्यासारखी मागे येणारी कॅराव्हॅन मोठा ट्रक शेजारून गेला की शेपटी हलवू लागली. नवऱ्याने ॲक्सिलरेटरवरून पाय काढला, स्टिअरिंग सरळ धरलं, ब्रेक दाबला नाही, म्हणून ती हळूहळू शांत झाली. मुक्कामावर पोचून बाइक उतरवताना रॅकच्या खालच्या पायांभोवती पत्रा बशीसारखा खोल गेलेला दिसला. वरच्या ब्रॅकेटजवळ सीलंट सुटून भिंत आणि ब्रॅकेट यांच्यात नखभर फट पडली होती. एक वरचा बोल्ट हाताने हलत होता. परतीच्या वाटेवर बाइक आम्ही ओळखीच्यांच्या व्हॅनमधून पाठवल्या.

दुकानात परत जाण्याआधी आम्ही त्यांच्याशी संबंध नसलेल्या कॅराव्हॅन दुरुस्तीच्या माणसाला बोलावलं. त्याने मागचं वरचं कपाट रिकामं करून आतली फळी काढली. किटचा पत्ता नव्हता. धातूची पट्टी नाही, रुंद वॉशर नाही, आरपार बोल्टही नाहीत. बाहेरून बोल्टसारखी डोकी दिसत होती, पण आत ते लाकडात मारायचे स्क्रू होते आणि त्यांची टोकं फोममध्ये संपत होती. म्हणजे आमच्या दोन बाइक पातळ पत्रा आणि सीलंट यांच्या भरवशावर रस्त्याने चालल्या होत्या. ओलाव्याच्या मीटरवर स्क्रूंभोवतीचा आकडा ३० टक्क्यांच्या वर गेला. या मीटरवर साधारण १५ पर्यंत कोरडं समजतात आणि २० च्या वर गेलं की काळजी करायची.

मग त्याची नजर लेबलवर गेली. एका कोपऱ्याला ते थोडं उचललं होतं. त्याने आमच्यासमोर, फोटो काढत काढत, ते सोललं. खाली रॅक बनवणाऱ्याचं मूळ लेबल होतं: ४ सायकली, एकूण ६० किलो, प्रत्येक पट्टीवर (जिच्यात सायकलची चाकं बसतात ती) जास्तीत जास्त १५ किलो. २६ किलोची बाइक त्या पट्टीवर ठेवायचीच नव्हती! वरचं लेबल फक्त ‘६० किलो, ई-बाइक’ एवढंच सांगत होतं. प्रमाणपत्रावरचा मॉडेल क्रमांक ताडून पाहिला, तर ते वेगळ्याच रॅकचं होतं, मोटरहोमवर, म्हणजे स्वतःचं इंजिन असलेल्या घर-गाडीवर बसवायच्या.

हा एकूण वजनाचा खेळ नीट समजून घ्या, कारण खोटं लेबल न चिकटवताही तो खेळता येतो. ‘तीन सायकली, ६० किलो’ म्हणजे एका पट्टीवर बहुधा २० किलो. दोनच बाइक ठेवल्या म्हणून प्रत्येकीला ३० मिळत नाहीत. पट्टी, तिचा क्लॅम्प, चाकाचा पट्टा यांची मर्यादा वेगळी असते आणि ती रॅकच्या पुस्तिकेत असते, जाहिरातीत नसते. ई-बाइकचे रुंद टायर आणि लांब चाकांतर यांमुळे कित्येक जुन्या पट्ट्यांत ती नीट बसतही नाही.

फोटो घेऊन गेल्यावर दुकानाने आधी कानांवर हात ठेवले. लेबल आमच्याकडे असंच आलं होतं, म्हणे. मग खापर आमच्यावर: तुम्ही जास्त वजन लादलं असेल, खड्ड्यातून जोरात नेली असेल. ईमेलमधली वजनं दाखवल्यावर आवाज खाली आला आणि लगेच नवा प्रस्ताव पुढे. मागची रॅक काढतो आणि कॅराव्हॅनच्या पुढच्या बाजूला, हिचमागच्या (हिच म्हणजे कॅराव्हॅन गाडीला जोडणारा भाग) त्रिकोणी चौकटीवर बसणारी रॅक सवलतीत देतो. “ती भिंतीला लागतच नाही, तिथे काहीच धोका नाही.”

ही दुसरी फसवणूक होती, आणि ती आम्ही तिथेच थांबवली. हिचवर किती वजन येतं याला दोन्ही बाजूंनी मर्यादा असते, आणि ते फार कमी झालं की कॅराव्हॅन शेपटी हलवते. साधारणपणे भरलेल्या कॅराव्हॅनच्या ५ ते ७ टक्के वजन हिचवर असावं असं मानतात. १४०० किलोची कॅराव्हॅन असेल तर ७० ते ९८ किलो. आमचं ८० होतं. कॅराव्हॅनमध्ये हिचपासून ॲक्सल (चाकांचा आस) ४ मीटरवर आहे आणि मागची रॅक ॲक्सलच्या मागे ३ मीटरवर होती. दोन बाइक आणि १० किलोची रॅक मिळून ६२ किलो तिथे टांगले की हिचवरचं वजन ४६ किलोने कमी होतं, म्हणजे उरतं ३४. शेपटी का हलत होती ते कळलं ना? तेच ६२ किलो पुढे, ॲक्सलच्या ३ मीटर पुढे आणले, तर ४६ किलो वाढतात आणि आकडा जातो १२६ वर. आमच्या हिचची मर्यादा १०० किलो आणि गाडीच्या टो-बारच्या (कॅराव्हॅन ओढायला गाडीच्या मागे बसवलेल्या दांड्याच्या) पाटीवर लिहिलेली त्याहूनही कमी, ९०. गाडी, टो-बार आणि कॅराव्हॅनचा हिच, तिघांत जी मर्यादा सगळ्यात कमी तीच खरी. मी विक्रेत्याला विचारलं की आमच्या टो-बारच्या पाटीवर किती लिहिलंय ते बघितलंत का. “सगळे असंच नेतात,” असं उत्तर मिळालं.

पुढची रॅक वाईट असते असं मुळीच नाही. आतलं जड सामान ॲक्सलवर सरकवून, हिचवरचं वजन काट्यावर मोजून, गॅसच्या कप्प्याचं दार उघडतं का, वळताना हँडल गाडीच्या काचेला लागतं का हे बघून ती लावणारे लोक आहेत. पण न मोजता विकणाऱ्याकडून ती घेऊ नये.

तुम्ही रॅक बसवून घेणार असाल तर कॅराव्हॅन बनवणाऱ्या कंपनीकडूनच लेखी विचारा की या मॉडेलच्या या भिंतीवर किती किलो चालतात. दुकानदाराचं म्हणणं त्या उत्तराची जागा घेऊ शकत नाही. रॅकचं मूळ माहितीपत्रक मागा आणि त्यात एका पट्टीची मर्यादा शोधा. काम चालू असताना कपाट उघडं ठेवायला लावा आणि आतल्या पट्ट्यांचे फोटो काढा. जो फिटर याला नकार देईल त्याच्याकडे काम देऊ नका. परवानगीशिवाय पाडलेल्या एका भोकामुळे ओलाव्याविरुद्धची वॉरंटी रद्द होऊ शकते, तेही आधी विचारा. आणि कॅराव्हॅनमध्ये एकूण किती सामान चालतं तो आकडा पाहा. तो अनेकदा १५० किलोच्या आसपासच असतो. त्यातून मूव्हर (कॅराव्हॅन गाडीशिवाय हलवणारी मोटर), जास्तीची बॅटरी, ऑनिंग (बाहेर लावायचा कापडी मांडव) वजा केलं की ६२ किलोला जागा उरतेच असं नाही. बाइक चढवल्यावर मागचे दिवे आणि नंबर प्लेट झाकली जात असेल तर दिव्यांची वेगळी पट्टी लावावी लागते. स्पेनमध्ये गाडीच्या मागे बाहेर आलेल्या सामानाला लाल-पांढऱ्या पट्ट्यांची ५० बाय ५० सेंटीमीटरची पाटी लावणं बंधनकारक आहे.

पैशांचं म्हणाल तर रॅक, बसवण्याची मजुरी आणि न बसवलेलं किट यांचे पैसे परत मिळाले. बिलावर किटची ओळ होती आणि आतले फोटो तारखेसह होते, म्हणूनच. भिंत उघडून वाळवणं, फोम बदलणं, पत्रा नवा करणं, हा त्याहून मोठा खर्च आहे. त्यावर भांडण चालू आहे. दुरुस्तीवाल्याचा लेखी अहवाल, सोललेलं लेबल आणि ते स्क्रू एका पाकिटात ठेवले आहेत. तुमच्यावर अशी वेळ आली तर दुकानाला रॅक ‘बघायला’ म्हणून काढू देऊ नका. आधी त्रयस्थाकडून तपासणी, मग बाकीचं.

सध्या आम्ही बाइक कॅराव्हॅनच्या आत नेतो, ॲक्सलच्या वर जमिनीवर, हँडल आडवी फिरवून आणि चार पट्ट्यांनी घट्ट बांधून. बॅटऱ्या काढून गाडीत असतात. दारातून चढवायला दोघं लागतात, आतली चादर मळते, पण हिचवरचं वजन जवळजवळ हलत नाही.

ज्यांची रॅक आजच भिंतीवर आहे त्यांनी पुढच्या प्रवासाआधी बाइक उतरवून मागचं कपाट रिकामं करावं. आत धातूची पट्टी आणि नट दिसले तर कंपनीच्या पुस्तिकेतल्या आकड्याशी वजन ताडा. काहीच दिसलं नाही, नुसतं गुळगुळीत प्लायवूड दिसलं, तर त्या जागेची तपासणी होईपर्यंत रॅकवर काहीही चढवू नका, साधी सायकलसुद्धा नाही.