कंबरदुखीसाठी टेन्स मशीन : सहा महिन्यांच्या वापरानंतर

यवतमाळ जिल्ह्यातील आर्णी तालुक्यात आमची कोरडवाहू शेती आहे. सोळा लिटरचा फवारणी पंप पाठीवर घेऊन वर्षानुवर्षे कपाशीच्या तासांतून फिरल्यामुळे असेल, पण गेली तीन वर्षे माझी कंबर सतत दुखते. गेल्या हंगामात तालुक्याच्या ठिकाणी फिजिओथेरपी घेतली, तेव्हा दहा दिवस कंबरेला विजेचा शेक दिला गेला आणि त्याने बरे वाटले. मात्र एसटीने जाण्या-येण्यात अर्धा दिवस मोडत असे, म्हणून बॅटरीवर चालणारे दोन चॅनेलचे, म्हणजे पॅडच्या दोन जोड्यांचे, टेन्स मशीन १,८५० रुपयांना विकत घेतले.

यात त्वचेवर चिकटवलेल्या पॅडमधून विजेचे सौम्य स्पंद नसांपर्यंत पोहोचतात. ठेच लागल्यावर आपण ती जागा चोळतो आणि थोडे बरे वाटते, त्याच्याशी मिळताजुळता हा प्रकार आहे. स्पर्शाची संवेदना वाहणाऱ्या नसा जाग्या झाल्या की मज्जारज्जूत वेदनेच्या संदेशाची वाट अडते, असा सिद्धांत रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी १९६५ साली मांडला होता. दुकानदाराने मात्र मला ‘याने दबलेली नस मोकळी होते आणि सरकलेली गादी जागेवर येते’ असे छातीठोकपणे सांगितले. हे खरे नाही. हे मशीन वेदना काही काळ दाबते, मणक्यात कोणताही बदल घडवत नाही.

मी मणक्याच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन पॅड लावतो. ते पत्नीलाच लावावे लागतात, कारण स्वतःचा हात तिथे नीट पोहोचत नाही. बटण हळूहळू फिरवत नेले की आधी मुंग्या येतात, मग स्नायूंत बारीक थरथर जाणवू लागते आणि तिथेच मी थांबतो. अर्ध्या तासानंतर पॅड काढले की त्वचेवर चौकोनी लालसर ठसा उरतो आणि पुढचे दोन-अडीच तास वाकणे सुसह्य होते. दुसऱ्या आठवड्यापासून मात्र तेवढ्याच जोराच्या मुंग्या फिक्या वाटू लागल्या. मे महिन्यात घामाने पॅड सुटत, आणि नव्या पॅडचा खर्च वेगळाच.

कोणते उपचार द्यावेत हे सुचवणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत कंबरदुखीसाठी टेन्स देऊ नये असे म्हटले आहे, हे मला खरेदीनंतर कळले. तरीही मी मशीन टाकून दिले नाही, कारण दुखणे दबलेल्या त्या दोन तासांतच फिजिओथेरपिस्ट मॅडमनी शिकवलेले व्यायाम मला करता येतात. आज मी पूर्वीपेक्षा बराच वेळ उभा राहू शकतो, आणि त्याचे श्रेय मी व्यायामाला देतो. पायातील ताकद कमी होत असेल, जांघेत बधिरपणा असेल किंवा लघवीवरचा ताबा जात असेल, तर मशीन लावत बसू नये, तडक दवाखाना गाठावा.

माझी खरी तक्रार माहितीपत्रकाबद्दल आहे. ते पूर्णपणे इंग्रजीत आहे, आणि पेसमेकर (हृदयाचे ठोके नीट ठेवणारे यंत्र) बसवलेल्यांनी मशीन वापरू नये ही सूचना त्यात आतल्या पानावर बारीक अक्षरांत दिली आहे. दिवाळीच्या सुमारास शेजारचे काका कंबर धरून आले आणि ‘जरा मलाही लावून दे बापू’ म्हणत खाटेवर पालथे झाले. त्यांच्या छातीत पेसमेकर आहे हे पत्नीच्या लक्षात आले, म्हणून माझा हात थांबला. गावात अशी वस्तू एका घरात राहत नाही, ती मागून नेली जाते. त्याच रात्री मी मशीनच्या डबीवर पांढरी पट्टी चिकटवून जाड पेनाने लिहिले : पेसमेकर असल्यास लावू नये, गरोदर बाईच्या पोटा-कमरेवर लावू नये, गळ्यावर लावू नये, जखमेवर लावू नये.