जुन्या बाजारातला बिडाचा तवा, २५० रुपये
नॉनस्टिकचं कोटिंग निघायला लागलं (दोन वर्षांत तिसरा पॅन!) म्हणून वैतागून रविवारी पुण्यात मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात गेले. बुधवारी आणि रविवारी भरतो, सकाळी लवकर जा, नंतर ऊन आणि गर्दी दोन्ही सहन होत नाही. तवा गंजलेला, भाव ५००, मी दोन पावलं पुढे गेले तर मागून हाक, "ताई, २५० द्या". घेताना बोटाने टकटक करून बघा, खणखणीत वाजला पाहिजे, बद्द आवाज आला तर तडा असू शकतो.

घरी आणून जाड मीठ आणि काथ्याने घास घास घासला, मग तेलाचा पातळ हात लावून धूर येईपर्यंत तापवला, असं चार वेळा. तरी पहिलं घावन चिकटलंच, ते खरवडून नवऱ्याला दिलं 😄 मग आजीची आयडिया आठवली, अर्धा कांदा काट्याला टोचून तेलात बुडवायचा आणि तव्यावर फिरवायचा. शनिवारी सहा मैत्रिणी आल्या, एकामागून एक जाळीदार घावनं आणि ओल्या नारळाची चटणी, बाहेरून काही मागवलंच नाही.

जड आहे हां, मनगट दुखतं. आंबट काही त्यात करू नका, तेलाचा थर जातो, आणि ओला ठेवलात तर सकाळी गंज हजर.

तिथेच एकाकडून भिंतीवरचं घड्याळ पण घेतलं, ते घरी येईपर्यंतच चाललं. आता हॉलमध्ये अँटिक म्हणून लावलंय.