कुलूपबंद रिसॉर्टचं बुकिंग आणि गेलेले ५,६४० डॉलर

लिहायला लाज वाटते. पण मी गप्प बसले तर उद्या आणखी कुणी त्याच फाटकासमोर बॅगा घेऊन उभं राहील.

लग्नाला २५ वर्षं झाली म्हणून सप्टेंबरात न्यू जर्सीहून कॅरिबियनमधल्या अँग्विला बेटावर गेलो. सेंट मार्टिनपर्यंत विमान, मग मारिगोहून फेरीने ब्लोइंग पॉइंट. जेमतेम २६ किलोमीटर लांबीचं शांत बेट, म्हणूनच निवडलं होतं. टॅक्सी मीड्स बेवरच्या रिसॉर्टपाशी थांबली तर फाटकाला साखळी आणि कुलूप. आत स्विमिंग पूल कोरडा, खुर्च्या एकावर एक रचून दोरीने बांधलेल्या, शिडीवर एक माणूस भिंत रंगवतोय. वॉचमनने माझ्या मोबाईलवरची पावती नीट वाचली आणि म्हणाला, "ताई, आम्ही ऑक्टोबर संपेपर्यंत बंद असतो." इंग्रजीत म्हणाला, पण सूर अगदी असाच, कीव आल्यासारखा. तो सूर अजून कानातून जात नाही.

सहा रात्रींचे ४,८६०, डिपॉझिट ६००, बोटीचे १८०. सगळे बँकेतून वायरने, म्हणजे थेट समोरच्याच्या खात्यात. वर शोल बेजवळच्या गेस्ट हाउसचे तीन रात्रींचे ४९५ गेले ते वेगळेच.

मी भोळी नाही. २२ वर्षं हिशेबाचं काम करतेय, लॉटरीच्या मेलना कधी फसले नाही. ज्या वेबसाइटवरून बुकिंग केलं, तिचा पत्ता डॉट एआयने संपत होता. एआय म्हणजे अँग्विलाचीच खूण, हे मला माहीत होतं, म्हणून जास्तच विश्वास बसला. तो पत्ता जगात कुणालाही विकत घेता येतो, हे तेव्हा डोक्यात आलं नाही.

पण खरी चूक पुढे झाली. रिसॉर्टच्या मूळ वेबसाइटवर सप्टेंबरच्या तारखा करड्या दिसत होत्या. मी त्या पाहिल्या होत्या! बुकिंग करून देणाऱ्या माणसाला विचारलंसुद्धा. "ऑफ सीझनच्या खोल्या ऑनलाइन टाकत नाहीत मॅडम, आमच्यामार्फतच जातात, म्हणून तर दर कमी." वादळांच्या दिवसांत तिथली बरीच मोठी हॉटेलं सरळ बंद ठेवून डागडुजी करतात, हे एका फोनवर कळलं असतं. मुलगी म्हणालीही, "आई, एकदा रिसॉर्टला फोन लाव ना." मी तिच्यावरच खेकसले, की ते व्हॉट्सअ‍ॅपवर दोन मिनिटांत उत्तर देतात, फोन कशाला. अँग्विलाचे नंबर २६४ ने सुरू होतात, याचा ७८६ ने होता. मायामीचा. खातंही रिसॉर्टच्या नावावर नव्हतं, कुठल्याशा ट्रॅव्हल कंपनीच्या नावावर होतं. खात्यावरचं नाव जुळत नसेल तर एक पैसा पाठवू नका, समोरचा कितीही गोड बोलो.

बँकेने ५० मिनिटं होल्डवर ठेवलं आणि सांगितलं, पैसे तुम्ही स्वतःच पाठवलेत, आमच्या नियमात ही फसवणूक बसत नाही. मग काय, माझ्या डोक्याला बंदूक लावायला हवी होती? आमच्या गावचे पोलीस म्हणाले, खातं फ्लोरिडात आहे, तिकडे तक्रार करा. फ्लोरिडावाले म्हणाले, तुम्ही राहता तिथे करा. बेटावरच्या पोलिसांनी निदान खुर्ची दिली, सगळं लिहून घेतलं, आणि पैसे इथून गेलेले नाहीत म्हणून हात वर केले. सरकारी पोर्टलवर तक्रार टाकली तर नुसता एक क्रमांक आला. चार महिने झाले. खातं कुणाचं, हे बँकेला माहीत आहे, पण मला सांगायचं नाही आणि पोलिसांनी विचारायचं नाही! माझ्या जागी बँकेचे ५,६४० गेले असते तर?

क्रेडिट कार्डाने भरले असते तर निदान वाद तरी घालता आला असता. "कार्ड नको, वायर केलंत तर १० टक्के सूट" असं कुणी म्हणालं की तिथेच बोलणं थांबवा. आणि फोन लावायचा तो रिसॉर्टच्या स्वतःच्या नंबरवर, पावतीवर छापलेल्या नाही.

परवा बघितलं, ती वेबसाइट अजून चालू आहे. समुद्रासमोरच्या पांढऱ्या पडद्यांच्या खोलीचा तोच फोटो, आणि पुढचा सप्टेंबर अख्खा मोकळा दाखवलाय.