अनोळखी मुलासाठी भेट: खेळणं की कपडे?

मैत्रिणीला मुलांपर्यंत भेटी पोचवणाऱ्या एका संस्थेकडून चिठ्ठी आली: 'मुलगी, वय 6'. सणाआधी भेट द्यायचीय, पण एवढ्यावर घ्यायचं काय?

कपड्यांत घोळ मापाचा. एकाच वयाच्या दोन मुली एका मापाच्या नसतात, म्हणून एक माप मोठंच घ्या. बाही दुमडता येते, वाढवता येत नाही. वापर मात्र रोजचा, आणि पुढे धाकट्या भावंडालाही होतात.

खेळण्यात वय बघायचं. 3 वर्षांखालच्यांना सुटे बारीक भाग नकोत. बटण सेल (नाण्यासारखा चपटा, गोल सेल) गिळला तर अन्ननलिका भाजू शकते, त्यामुळे सेलचा कप्पा स्क्रूने बंद हवा. शिवाय सेल संपल्यावर नवे कोण आणणार? त्यापेक्षा ठोकळे, चेंडू बरे. खोक्यावरचं 'बुद्धी वाढवणारं' वाचूच नका.

माप कळलंय आणि थंडी तोंडावर आहे, तर कपडे. नुसतं वय माहीत असेल तर खेळणं. पोरांना उघडायला तेच आवडतं.