साबणाच्या बायबॅकवाल्यांनी ३७,३२९ रुपयांना बुडवलं

आधीच सांगते, पैसे दुप्पट करून देणाऱ्याच्या मागे मी गेले नव्हते. घरी हाताने साबण बनवायचे आणि कंपनीने ते वडीमागे ७० रुपयांनी परत घ्यायचे, एवढंच ठरलं होतं. कोर्स ३,४९९, तेलं-मोल्डचं किट २१,७५०, 'परत मिळणारं' डिपॉझिट १०,०००. पहिल्या ६० वड्यांचे ४,२०० रुपये वेळेवर आले. पुढचं तुम्हाला माहीतच आहे. त्या ४,२०० च्या भरवशावर आणखी ६,२८० चे रंग आणि सुगंध गळ्यात मारले, आणि मग माझी एकही वडी पास झाली नाही.

कारण? 'स्वर्ल नमुन्याशी जुळत नाही.' स्वर्ल म्हणजे वडीवरची रंगांची लाटेसारखी नक्षी.

करारनाम्याचं कलम ७: 'वडीवरील नक्षी मंजूर नमुन्याप्रमाणे तंतोतंत असावी.' सही करताना मी हे वाचलं होतं, विचारलंही होतं. अहो, दोन रंग मोल्डमध्ये ओतून काडी फिरवली की जी लाट उठते ती पुन्हा तशीच कशी येईल? एकाच लादीतून कापलेल्या शेजारच्या वड्याही सारख्या निघत नाहीत! कंपनीची कोर्स शिकवणारी बाई हसून म्हणाली, "मॅडम, फॉर्मॅलिटी असते ती." तिथेच उठायला हवं होतं. पण कॉस्टिक सोड्याचा ग्रॅम न् ग्रॅम मोजायला लावणारी तीच. इतकी काटेकोर बाई कागदात खोटी असेल हे कुणाच्या मनात येईल?

वर सुगंध त्यांच्याकडूनच घ्यायची सक्ती. त्यांचं चंदन-व्हॅनिला घातलं की मिश्रण उपम्यासारखं घट्ट; काडी फिरणार कशी? आणि व्हॅनिलिन असलेला सुगंध साबण तपकिरी करतो. चार-सहा आठवड्यांच्या क्युअरिंगमध्ये, म्हणजे वड्या मुरत-वाळत ठेवतात तेव्हा, पांढरी रेघ चॉकलेटी झाली. म्हणजे नापास करायची सोय बाटलीतच होती. नवा सुगंध आधी पाव किलोच्या घाण्यात घालून बघा, कोणी कितीही घाई केली तरी.

चौकीत म्हणाले, "करार आहे ना ताई, मग दिवाणी मामला." सायबरवाले म्हणाले, पैसे तुम्हीच पाठवलेत. पुन्हा चौकी. साहेब बंदोबस्ताला. शेवटी अर्ज घेतला तो घेतला आणि वर मलाच विचारलं, "साबण बनवायचा परवाना आहे का तुमच्याकडे?" चोर राहिला बाजूला, मीच आरोपी! विक्रीसाठी साबण बनवायला १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली परवाना लागतो, हे आता मला पाठ झालंय. कंपनी म्हणाली होती, "आमच्या परवान्यात तुम्ही येता." साफ खोटं. परवाना ज्या जागेत माल बनतो त्या जागेचा असतो, तुमच्या स्वयंपाकघराला तो लागू होत नाही. परवान्याची प्रत मागा, पत्ता वाचा. पैसे कुणाच्या वैयक्तिक यूपीआयवर मागितले तर तिथेच थांबा. गेलेच असतील तर ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, 'दोन दिवस वाट बघा' ऐकू नका.

माझ्या नोटिशीला त्यांचं उत्तर: 'आपण ग्राहक नसून व्यावसायिक आहात.' या वाक्याला घाबरू नका. पोटापाण्यासाठी स्वयंरोजगार करणारा माणूस २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ग्राहकच आहे, आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा आयोगात फी नाही. आयोगाच्या परवानगीने अनेकांना मिळून एकच तक्रारही करता येते. हेच कलम ७ आणखी कुणाच्या करारनाम्यात असेल तर कळवा. नापास वड्या फेकू नका, तारीख घालून फोटो काढून ठेवा.