आयओएस टेम्प्लेट: आहे तसं वापरावं, स्वतःचं करावं की फोल्डरच टाकून द्यावं?

कोल्हापुरात राजारामपुरीत नवं ऑफिस टाकलेल्या मित्राचा फोन आला. "फ्लटर घ्यायचं की रिॲक्ट नेटिव्ह ते नंतर बघू. आधी सांग, प्रोजेक्ट तयार झाल्यावर आयओएसच्या फोल्डरात तुम्ही किती हात घालता?" चौघांची टीम, एक मॅक मिनी, वर्षाला पाच-सहा गिऱ्हाइकांची ॲप्स. एवढा पसारा असणाऱ्याने हाच प्रश्न आधी विचारावा. फ्लटर आणि रिॲक्ट नेटिव्ह ही एकाच कोडमधून अँड्रॉइड आणि आयओएस (आयफोन) दोन्हींची ॲप्स बनवायची साधनं, पहिलं डार्ट भाषेत, दुसरं जावास्क्रिप्टमध्ये. डार्ट बरी की जावास्क्रिप्ट यावर वाद घालायला मजा येते, पण दिवस जातात ते टेम्प्लेटमध्ये, म्हणजे नव्या प्रोजेक्टबरोबर आयत्या मिळणाऱ्या फाइलींमध्ये.

आमचेही गेलेत. शाहू मार्केट यार्डातल्या एका गूळ व्यापाऱ्याचं ॲप होतं. 'फ्लटर क्रिएट' (नवा प्रोजेक्ट बनवायची आज्ञा) करताना ऑर्ग, म्हणजे संस्थेचं नाव, द्यायचा राहिला, म्हणून बंडल आयडी, म्हणजे ॲपलकडची ॲपची ओळख, 'कॉम डॉट एक्झाम्पल'ने सुरू झाला. तो नंतर हाताने बदलताना 'कोल्हापूर'च्या इंग्रजी स्पेलिंगमधलं एक अक्षर गळालं. पहिलं बिल्ड (बांधून तयार ॲप) ॲपलच्या ॲप स्टोअर कनेक्ट या पोर्टलवर चढलं, आणि एकदा चढलं की बंडल आयडी बदलता येत नाही. ते गळकं नाव आजही तसंच आहे. गिऱ्हाइकाला दिसत नाही, आम्हाला दर अपडेटला दिसतं.

शिरोलीच्या फौंड्रीत कास्टिंगला तीच खोड वारंवार यायला लागली तर प्रत्येक नग घासत बसत नाहीत, पॅटर्नच दुरुस्त करतात. आपल्या धंद्यात पॅटर्न म्हणजे टेम्प्लेट. फक्त आपला पॅटर्न दुसऱ्याने बनवलेला असतो, आणि तो दुसरा दर तीन-चार महिन्यांनी नवा पाठवतो. खरी अडचण इथेच आहे.

हातात काय पडतं

| | फ्लटर | कोरं रिॲक्ट नेटिव्ह (एक्स्पोशिवाय) | एक्स्पो (रिॲक्ट नेटिव्हवरची तयार चौकट) |
|---|---|---|---|
| बंडल आयडी | ऑर्ग दिला तर बरोबर, नाहीतर एक्झाम्पल | ऑर्ग-रिॲक्टजेएस-नेटिव्ह-एक्झाम्पल | ॲप जेसनमध्ये (ॲपच्या सेटिंग्जची फाइल) आपण लिहायचा |
| सुरुवातीचा पडदा | कोरा पांढरा | ॲपचं नाव, खाली 'पॉवर्ड बाय रिॲक्ट नेटिव्ह' | कॉन्फिगमधून |
| प्रायव्हसी मॅनिफेस्ट (ॲप कोणती माहिती घेतं ते सांगणारी फाइल) | ॲपचं स्वतःचं आपण घालायचं | टेम्प्लेटमध्येच | ॲप जेसनमधून |
| आयओएस फोल्डर गिटमध्ये (कोड आणि त्याचे बदल जपायची जागा) | हो | हो | सहसा नाही |

रिॲक्ट नेटिव्हच्या टेम्प्लेटमध्ये एक गमतीची गोष्ट वर्षानुवर्षं राहिली: इन्फो पीलिस्ट या ॲपच्या माहितीच्या फाइलमध्ये लोकेशनच्या परवानगीची नोंद, आणि तिचा मजकूर रिकामा. ॲप लोकेशन मागत असो वा नसो. पहिल्याच दिवशी ती नोंद काढा, नाहीतर खरं कारण लिहा.

फ्लटरचं इथे कौतुक करायला हवं. ३.७ आवृत्तीपासून 'फ्लटर बिल्ड आयपीए' (ॲप स्टोअरसाठी ॲप बांधायची आज्ञा) चालवलं की बंडल आयडी अजून एक्झाम्पलचा आहे का, आयकॉन फ्लटरचाच राहिलाय का, हे ते स्वतः तपासून सांगतं. १२० हर्ट्झच्या आयफोनवर पूर्ण वेगाने चालायला लागणारी नोंदही टेम्प्लेटमध्ये आधीपासून असते. एक मात्र त्यात नाही: ॲप कोणतं एन्क्रिप्शन वापरतं त्याचा खुलासा करणारी नोंद. ती नसली की प्रत्येक अपलोडनंतर ॲपल तोच प्रश्न विचारतं. नुसतं एचटीटीपीएस वापरणाऱ्या साध्या ॲपला एका ओळीत 'नाही' लिहिलं की विषय मिटतो.

पहिला मार्ग: मूळ टेम्प्लेट आणि भिंतीवर यादी

वर्षाला एक-दोन ॲप्स असतील तर एवढं पुरे. क्रिएट करा, यादी बघून दहा गोष्टी बदला, गिटमध्ये टाका. यादी पाळणारा माणूस रजेवर गेला की काय होतं ते गुळाच्या गोष्टीत आलंच.

पण या मार्गाचा एक फायदा आम्हाला उशिरा कळला. फ्लटर बिल्ड करताना एक्सकोडच्या (ॲपलचं ॲप बांधायचं साधन) जुन्या प्रोजेक्टमध्ये लागणारे बदल स्वतः करत असतं: किमान आयओएस आवृत्ती वाढवणं, ॲप डेलिगेटवरचं (ॲप उघडताच चालणारी फाइल) जुनं 'यूआयॲप्लिकेशनमेन' काढून 'मेन' लावणं, असे. प्रोजेक्ट मूळ टेम्प्लेटसारखा दिसत असेल तोवरच हे बिनबोभाट होतं. ॲपलने २०२५ मध्ये सांगून टाकलंय की आयओएस २६ नंतरच्या मोठ्या आवृत्तीच्या एसडीकेवर (ॲप बांधायच्या साधनसंचावर) बांधलेल्या ॲपने यूआयसीनची पद्धत (ॲपच्या खिडक्या हाताळायची नवी रीत) घेतलेली नसेल तर ते उघडणारच नाही. ॲप डेलिगेट मूळचा असेल तर हा बदल फ्लटरची आज्ञा करून देऊ शकते. आपण त्यात नोटिफिकेशन, नकाशाची चावी आणि पेमेंटचं काहीबाही कोंबलं असेल तर बसा हाताने सोडवत.

रिॲक्ट नेटिव्हमध्ये हे काम अपग्रेड हेल्पर या वेबसाइटवर दोन आवृत्त्यांमधला फरक बघून स्वतःच करायचं असतं. जानेवारी २०२५ च्या ०.७७ मध्ये टेम्प्लेटचा ॲप डेलिगेट ऑब्जेक्टिव्ह-सी या ॲपलच्या जुन्या भाषेतून स्विफ्ट या नव्या भाषेत गेला. फरक बघायला सोपा, पण जुन्या प्रोजेक्टात उतरवायला निम्मा दिवस.

दुसरा मार्ग: स्वतःचा पॅटर्न

रिॲक्ट नेटिव्हमध्ये याची रीतसर सोय आहे: इनिट (नवा प्रोजेक्ट बनवायची आज्ञा) करताना स्वतःचं टेम्प्लेट द्यायचं. फ्लटरमध्ये 'क्रिएट'ला बाहेरचं टेम्प्लेट देता येत नाही, म्हणून लोक मेसन या साधनाच्या 'विटा' (स्वतः बनवलेले साचे) वापरतात, किंवा व्हेरी गुड सीएलआय हे साधन, ज्यात डेव्हलपमेंट, स्टेजिंग आणि प्रॉडक्शन असे तीन फ्लेवर (एकाच ॲपची वेगवेगळी रूपं) तयार मिळतात. हे फ्लेवर म्हणजे काय डोकेदुखी आहे ते हाताने केल्याशिवाय कळत नाही. फ्लटरच्या आयओएस प्रोजेक्टात डीबग, रिलीज आणि प्रोफाइल अशी तीन कॉन्फिगरेशन्स असतात. तीन फ्लेवर केले की झाली नऊ, आणि प्रत्येकात बंडल आयडी, नाव, आयकॉन वेगळा. दुसऱ्यांदा हे करायची वेळ आली तेव्हा आमचा ज्युनिअर म्हणाला, "दादा, ह्यापेक्षा ऊस तोडणी बरी." त्याच आठवड्यात आम्ही टेम्प्लेट केलं.

आणि पहिल्यांदा ते चुकीचं केलं. ॲप डेलिगेट, पॉडफाइल (बाहेरच्या लायब्रऱ्यांची यादी), प्रोजेक्ट फाइल, सगळीकडे आपला हात. फ्लटरची पुढची आवृत्ती आली की आमचं टेम्प्लेट शिळं. दुसऱ्यांदा नियम केला: मूळ फाइलींत एका ओळीपेक्षा जास्त लिहायचं नाही, बाकी सगळं शेजारी. बंडल आयडी, ॲपचं नाव आणि टीम आयडी एका वेगळ्या एक्ससीकॉन्फिग (बिल्डच्या सेटिंग्जच्या) फाइलमध्ये ठेवले, आणि फ्लटरच्या डीबग-रिलीज एक्ससीकॉन्फिगमध्ये तिचा फक्त समावेश केला. उलटं करून आपलीच फाइल मुख्य म्हणून लावली की कोकोपॉड्स (पॉडफाइलमधल्या लायब्रऱ्या आणणारं साधन) कुरकुरतं, कारण त्याला स्वतःची फाइल तिथे जोडता येत नाही.

माझा अर्धा दिवस जिथे गेला ती जागा सांगून ठेवतो. एक्सकोडमध्ये टार्गेटवर (बांधायच्या ॲपच्या नोंदीवर) थेट लिहिलेली किंमत एक्ससीकॉन्फिगमधल्या किमतीवर मात करते. टेम्प्लेट बंडल आयडी टार्गेटवरच लिहून देतं. त्यामुळे तुमच्या फाइलमध्ये काहीही लिहा, बिल्डमध्ये एक्झाम्पलच येत राहणार. बिल्ड सेटिंग्जमध्ये जाऊन टार्गेटवरची ती नोंद डिलीट करावी लागते.

तिसरा मार्ग: वाळूचा साचा

फौंड्रीत पॅटर्न जपून ठेवतात आणि वाळूचा साचा प्रत्येक कास्टिंगला मोडतात. एक्स्पोचं हेच चाललंय. ॲप जेसन आणि कॉन्फिग प्लगिन्स (आयओएसच्या फाइलींत बदल करणारे छोटे कोड) हा पॅटर्न, आणि 'एक्स्पो प्रीबिल्ड' दर वेळी आयओएसचं फोल्डर नव्याने घडवतं. फोल्डर गिटमध्ये नाही, त्यामुळे ते शिळं होत नाही आणि फरक उतरवायची कटकटही नाही. रिॲक्ट नेटिव्हच्या टीमनेही २०२४ मध्ये नव्या ॲपसाठी एक्स्पोसारखी चौकट घ्या असंच सुचवलं. बिल्ड ईएएस या एक्स्पोच्या क्लाउड सेवेवर होत असल्याने ऑफिसात मॅक नसला तरी आयओएसचं बिल्ड निघतं. एका मॅक मिनीवर तिघं वाट बघत बसतात तेव्हा याची किंमत कळते.

फुकट काहीच नसतं. ॲप जेसनमध्ये न बसणारा बदल हवा असेल तर कॉन्फिग प्लगिन लिहावं लागतं. त्यातली बरीच प्लगिन्स ॲप डेलिगेटच्या मजकुरात ओळ शोधून शेजारी दुसरी चिकटवतात. एक्स्पोच्या एसडीके ५३ या आवृत्तीत ॲप डेलिगेट स्विफ्टमध्ये गेला, आणि ऑब्जेक्टिव्ह-सीच्या ओळी शोधणारी प्लगिन्स रिकाम्या हाताने परत आली. कोणी घाईत एक्सकोडमध्ये काही बदललं आणि दुसऱ्याने क्लीन प्रीबिल्ड केलं, तर तो बदल वाळूबरोबर गेला. हे आमच्याकडे दोनदा झालंय.

मराठी

तिन्ही टेम्प्लेट इंग्रजी गृहीत धरून चालतात. पडद्यावरचं मराठी तुम्ही डार्टमध्ये किंवा जावास्क्रिप्टमध्ये केलंत तरी आयओएसला ते ठाऊक नसतं. त्यामुळे 'कॅमेरा वापरू का' ही चौकट इंग्रजीतच येते, आणि फोनच्या सेटिंग्जमध्ये त्या ॲपची भाषा निवडायचा पर्याय दिसत नाही. एक्सकोडमध्ये मराठी जोडून परवानग्यांचे मजकूर तिच्या स्ट्रिंग्ज फाइलमध्ये द्यावे लागतात. फ्लटरमध्ये हे हाताने, म्हणून ते टेम्प्लेटमध्येच बसवून ठेवणं शहाणपणाचं. एक्स्पोमध्ये मराठीची एक जेसन फाइल जोडली, मिश्र भाषांना मुभा देणारी नोंद टाकली, की झालं. इथे एक्स्पो सरळ पुढे आहे. चप्पल लाइनच्या दुकानदाराला इंग्रजी चौकट दिसली की तो 'नको' दाबतो, मग बारकोड स्कॅन होत नाही म्हणून फोन आपल्यालाच.

मग घ्यायचं काय

टीमला जावास्क्रिप्ट येत असेल आणि ॲप्स दुकान, बुकिंग, संस्थेची माहिती या जातीची असतील, तर एक्स्पो घ्या आणि आयओएसचं फोल्डर गिटमध्ये टाकायचा मोह आवरा. कोरं रिॲक्ट नेटिव्ह मी आज नव्या कामाला घेणार नाही. आधीच असलेल्या नेटिव्ह ॲपमध्ये काही पडदे बसवायचे असतील तर गोष्ट निराळी.

फ्लटर घेत असाल तर पहिल्या दोन ॲप्सना मूळ टेम्प्लेट आणि यादी चालू द्या. आपण नेमकं काय बदलतो हे त्याशिवाय कळत नाही, आणि न कळता केलेलं टेम्प्लेट आमच्या पहिल्या टेम्प्लेटसारखं होतं. तिसऱ्या ॲपला स्वतःचं करा, पण बारीक: एक्ससीकॉन्फिग, मराठी स्ट्रिंग्ज, एन्क्रिप्शनची नोंद, प्रायव्हसी मॅनिफेस्ट, फ्लेवर. ॲप डेलिगेट सोडून द्या.

टेम्प्लेट करताना पॉडफाइलवर फार जीव लावू नका. २ डिसेंबर २०२६ पासून कोकोपॉड्सचं मुख्य भांडार फक्त वाचण्यापुरतं राहणार आहे. आहे ते चालेल, नव्या आवृत्त्या त्यात येणार नाहीत. फ्लटरमध्ये त्याच्या जागी स्विफ्ट पॅकेज मॅनेजर (तेच काम करणारं ॲपलचं साधन) चालू करता येतो, आणि चालू केला की प्रोजेक्ट फाइलमधले बदल आज्ञाच करते. तुमची प्लगिन्स त्यावर चालतात का ते एका जुन्या ॲपवर आधी बघून घ्या. आमच्याकडे त्यासाठी ते गळक्या नावाचं गुळाचं ॲपच वापरतो.