दोन फायलींची गाठ: थेट लिंक, इम्पोर्टरेंज की पॉवर क्वेरी?

नागपूरच्या इतवारीतल्या एका ठोक किराणा व्यापाऱ्याचा हिशेब मी बघतो. दुकानाची फाईल वेगळी, कळमन्याच्या गोदामाची वेगळी, आणि दोन्हींतले आकडे ओढणारी मालकांची तिसरी. दिवाळीच्या ऐन गर्दीत मुनीमजींचा फोन आला, “भाऊ, काल आकडा बरोबर होता, आज काहून रेफ दाखवून राहिला?” रेफ म्हणजे सूत्राला पत्ता सापडत नसल्याची #REF! ही एरर. म्हटलं, दाखवतोय ते बरंय. मला धास्ती गुपचूप चुकणाऱ्या आकड्याची असते.

एक्सेलची थेट लिंक, म्हणजे दुसऱ्या फाईलीतल्या सेलचा पत्ता लिहिलेलं सूत्र, इथेच दगा देते. मालकांची फाईल बंद असताना गोदामातल्या पोराने वर दोन ओळी घातल्या. लिंक मात्र जुन्या डी १४ वरच बसून राहिली. तिथे आधी एकूण पोती होती, आता नुसती तूरडाळ. एरर नाही, काही नाही. आकडा फक्त खोटा. दोन्ही फायली सोबत उघड्या असत्या तर पत्ता आपोआप सरकला असता, पण सोबत उघडतो कोण? उपाय सोपा आहे: मूळ फाईलीत त्या सेलला नाव द्यायचं आणि लिंक नावाला जोडायची.

दुसरी खोड म्हणजे समइफ, अट बघून बेरीज करणारं सूत्र. मूळ फाईल बंद असली की ते #VALUE! ही एरर देतं आणि इनडायरेक्ट, म्हणजे मजकुरातून पत्ता बनवणारं सूत्र, रेफची. व्हीलुकअप (यादीत शोधणारं) आणि समप्रॉडक्ट (गुणून बेरीज करणारं) ही सूत्रं बंद फाईलीवरही चालतात. फाईल दुसरीकडे हलवली असेल तर डेटा टॅबमधल्या एडिट लिंक्समध्ये जाऊन चेंज सोर्स करा. नव्या एक्सेलमध्ये त्याला वर्कबुक लिंक्स म्हणतात. शेजारच्या ब्रेक लिंकला हात लावण्याआधी फाईलीची प्रत ठेवा: सूत्रं जाऊन नुसते आकडे उरतात आणि अनडू होत नाही. लिबरऑफिस वापरणाऱ्यांसाठीही ओघ साधारण हाच, फक्त लिंकांची यादी एडिट मेनूत सापडते.

गोदामवाला मोबाईलवरून नोंदी करत असेल तर गूगल शीट्स सोयीचं. तिथे इम्पोर्टरेंज, म्हणजे दुसऱ्या शीटमधला डेटा ओढणारं सूत्र, पहिल्यांदा परवानगी मागतं. ती मालकांच्याच खात्यातून द्या. परवानगी देणारा माणूस मूळ शीटमधून काढला की जोडणी तुटते, आणि नोकरी सोडलेल्या पोराला फोन करून “बाबा, परत ये” म्हणता येत नाही. रेफ दिसला तर सेलवर माउस नेऊन मजकूर वाचा, कारण परवानगी नसली तरी रेफ आणि खाली डेटा पसरायला जागा नसली तरी रेफच. रेंज, म्हणजे कुठून कुठपर्यंतचे सेल ओढायचे तो पत्ता, अवतरणचिन्हांत लिहिलेली असल्याने ओळी वाढल्या तरी ती सरकत नाही. पूर्ण कॉलम ओढून आपल्या शीटमध्ये नावाने शोधलेलं बरं. शीट उघडी असताना बदल साधारण तासातासाने तपासले जातात, त्यामुळे घडीघडीच्या साठ्यासाठी हा मार्ग नाही.

माझा कौल पॉवर क्वेरीला, म्हणजे दुसऱ्या फायलींतला डेटा ओढून आणणाऱ्या एक्सेलच्या सोयीला. एक्सेल २०१६ पासून ती आतच आहे. ती सेलच्या पत्त्यावर न जाता कॉलमच्या नावावर जाते, म्हणून मधे ओळी घातल्याने बिघडत नाही. मूळ यादीचं टेबल मात्र करून ठेवा. कोणी ‘साठा’चं ‘शिल्लक’ केलं तर ती अमुक कॉलम सापडला नाही असं सांगून थांबते. असं भांडणारं साधन मला आवडतं. फोल्डर जोडलं की दर महिन्याची नवी फाईल त्यात टाकायची, बस. तोटे दोन: सेटिंग बदललं नसेल तर रिफ्रेश दाबावं लागतं, आणि फोल्डर हलवलं की पत्ता हाताने बदलावा लागतो. थेट लिंक इथे सरस. दोन्ही फायली एकाच फोल्डरात असतील तर ते अख्खं उचलून नेलं तरी ती सहसा टिकते.

म्हणून दोनच फायली, एकच माणूस, एकच कॉम्प्युटर असेल तर पॉवर क्वेरीचा खटाटोप करू नका. तीन शाखा झाल्या की करा. आम्ही गोदाम आणि दुकान क्वेरीवर नेलं. रोख शिल्लकेचा एक आकडा मुनीमजींनी हट्टाने थेट लिंकवरच ठेवलाय. असू द्या, त्या सेलला नाव दिलंय.